चिठ्ठी, कातडे आणि साद : रानपिंगळ्याच्या वर्गीकरणाचा इतिहास

मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘जाती’ म्हणजे इंग्रजीतील स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द स्पीशीज या अर्थी रूढ झाला आहे, आणि हिंदीच्या सान्निध्यामुळे मराठी वृत्तपत्रेही गेली काही दशके ‘दुर्मिळ प्रजाती’, ‘नामशेष प्रजाती’ असे सर्रास लिहू लागली आहेत. परिणामी एकच शब्द विश्वकोशात एका पायरीवर आणि वृत्तपत्रात तिच्या खालच्या पायरीवर उभा असलेला दिसतो. ‘जाती’ या शब्दाला आपल्या समाजात जो अर्थ चिकटलेला आहे, त्यामुळेही लेखकांना तो टाळावासा वाटत असावा. प्रस्तुत लेखात विश्वकोशाचीच परिभाषा पाळली आहे : जाती, तिच्या वर प्रजाती, तिच्या खाली उपजाती. हा आग्रह केवळ परिभाषेच्या शुद्धतेसाठी नाही. ज्या पक्ष्याची हकीकत पुढे येणार आहे, तो कोणत्या जातीचा आणि कोणत्या प्रजातीचा, हे दोन्ही प्रश्न त्याच्या जगण्या-मरण्याशी जोडले गेले. शिवाय ते प्रश्न सुटले ते बव्हंशी कागद, चिठ्ठ्या आणि हस्ताक्षरे वाचून. साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात रस वाटावा तो याच कारणाने.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. मराठी मुलखात ज्याला आपण नुसता पिंगळा म्हणतो, ते ठिपकेदार लहान घुबड गावाच्या वेशीवर, चिंचेच्या ढोलीत, देवळाच्या शिखरात सर्वत्र आढळते. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव अथीनी ब्रामा. टेमिंक या डच शास्त्रज्ञाने १८२१ साली ते दिले. ग्रीक विद्यादेवता आणि आपला ब्रह्मदेव अशी ही विचित्र जोडी एका घुबडाच्या माथी बसली आहे. रानपिंगळा दिसायला याच्याच आकाराचा. पण त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात, कवटी मोठी आणि नख्या अधिक दणकट असतात. इतका फरक जंगलात दुर्बिणीतून पाहणाऱ्यालाही चटकन जाणवतोच असे नाही. हातात कातडे घेऊन पाहणाऱ्या माणसाला मात्र तो दीडशे वर्षांपूर्वीच जाणवला होता.

तो माणूस अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. भारतीय राष्ट्रीय सभेच्या स्थापनेतील त्याच्या भूमिकेमुळे तो आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येतो. परंतु पक्षिशास्त्रातील त्याचे काम तितकेच विस्तृत आहे. सिमल्यातील आपल्या घरी त्याने पक्ष्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. त्यासाठी देशभर विखुरलेल्या सरकारी नोकरांकडून नमुने मागवले, आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक स्वतः चालवले. १८७२ च्या अखेरीस एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडातील फुलझर परिसरात मिळवलेला एक नमुना ह्यूमकडे आला. ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये १८७३ साली ह्यूमने त्याचे वर्णन छापले आणि त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नाव दिले. नावाचा उत्तरार्ध ब्लेविटच्या सन्मानार्थ आहे. पूर्वार्ध अधिक बोलका आहे : ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘वेगळे घुबड’ असा होतो. ह्यूमच्या मते ही केवळ नवी जाती नव्हती. तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच उभी करावी इतकी ती निराळी होती. या एका नावाच्या पोटात पुढील दीड शतकाचा वाद दडलेला आहे.

जातीचे नाव हवेत राहत नाही, ते एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. त्या नमुन्याला प्ररूप म्हणतात. नाव कशाचे, असा वाद उद्भवला तर शेवटी त्या प्ररूपाकडे जावे लागते. जसे पाठभेदाचा वाद उद्भवला तर सर्वांत विश्वसनीय पोथीकडे जावे लागते. मात्र नुसत्या कातड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव असते म्हणून ते पुरावा ठरते. आपल्याकडील हस्तलिखितांच्या अभ्यासात पुष्पिकेचे जे स्थान, तेच संग्रहालयात या चिठ्ठीचे. लेखकू कोण, लेखन कोठे आणि कोणत्या शकात झाले हे पुष्पिकेवरून कळते. पण पुष्पिका मागाहून जोडलेली किंवा बदललेली असू शकते, हेही कोणत्याही संपादकाला ठाऊक असते.

ब्लेविटनंतर व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये आजच्या ओडिशा-छत्तीसगडच्या सीमाभागात हा पक्षी मिळाला. त्यानंतरचे बहुतेक नमुने पश्चिम खानदेशातील, शहादा-तळोदा भागातले. ते जेम्स डेव्हिडसन या मुंबई प्रांताच्या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या प्रारंभी मिळवले. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्याची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. सर्व मिळून सात नमुने. १८८४ नंतर मात्र काहीच नाही.

त्याच सुमारास ह्यूमचाही एक आघात झाला. सुमारे पंचवीस वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते, ज्यांतून भारतीय पक्ष्यांचा महाग्रंथ सिद्ध व्हायचा होता, ती त्याच्या गैरहजेरीत एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. १८८५ साली ह्यूमने आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला; पंच्याहत्तर हजारांहून अधिक कातडी तिकडे गेली. भारतीय पक्ष्यांचा मूळ पुरावा या रीतीने भारताबाहेर गेला आणि त्याच्याविषयीचे सविस्तर लेखन सिमल्याच्या बाजारात पुड्या बांधण्याच्या कामी आले. कातडी उरली, चिठ्ठ्या उरल्या. टीका आणि भाष्य नष्ट झाले. प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये.

यानंतर कथेत रिचर्ड माइनर्ट्झहागेन येतो. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, गुप्तहेर, दैनंदिनीकार आणि आपल्या काळात अत्यंत प्रतिष्ठित असा पक्षितज्ज्ञ. १९५४ साली त्याने सुमारे वीस हजार नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. त्यात रानपिंगळ्याचे एक कातडे होते. चिठ्ठीवर ठिकाण होते तापीकाठचे मांडवी, गुजरात, साल १९१४. विसाव्या शतकातील या पक्ष्याची ती एकमेव नोंद, म्हणून पुढील लेखनात ती गृहीत धरली गेली. तिचे परिणाम दोन झाले. १८८४ ऐवजी १९१४ पर्यंत हा पक्षी नक्की हयात होता असे मानले गेले, आणि त्याला शोधायचे तर कोठे, याचे एक नवे उत्तर मिळाले.

माइनर्ट्झहागेनविषयी संग्रहालयात कुजबुज जुनीच होती. त्याच्या वर्तनामुळे एकदा त्याला पक्षिविभागात काही काळ प्रवेशबंदीही करण्यात आली होती. तथापि प्रतिष्ठित माणसाविषयीची कुजबुज छापली जात नाही. भारतीय वाचकांना त्याचे नाव परिचित आहे ते सालिम अलींमुळे : १९३७ साली दोघे अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर एकत्र गेले होते. त्या प्रवासात माइनर्ट्झहागेनने दैनंदिनीत सालिम अलींविषयी जे तुच्छतेचे शेरे लिहिले, ते सालिम अलींनी आपल्या १९८५ च्या आत्मचरित्रात स्वतःच छापले. ही दैनंदिनीसुद्धा मागाहून लिहिलेल्या मजकुराने दूषित आहे, असे नंतरच्या चरित्रकारांनी दाखवले आहे. चिठ्ठ्या बनावट लिहिणारा माणूस दैनंदिनीच्या बाबतीत प्रामाणिक राहिला असता तरच नवल. मात्र येथे एक खबरदारी घ्यायला हवी. माइनर्ट्झहागेन हा नुसता भोंदू नव्हता. त्याला पक्ष्यांचे खरेच उत्तम ज्ञान होते, आणि म्हणूनच त्याची बनावट इतकी टिकली. अडाण्याची बनावट लवकर उघडी पडते, ती विद्वानाची असली की तिला पिढ्या लागतात.

१९९३ साली अ‍ॅलन नॉक्स या संशोधकाने काही युरोपीय पक्ष्यांच्या बाबतीत माइनर्ट्झहागेनच्या नमुन्यांतील लबाडी पुराव्यानिशी प्रसिद्ध केली. त्यानंतर पामेला रासमुसेन ही अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या ग्रंथाचे काम करताना या संग्रहापाशी आली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जे केले, ते अक्षरशः पाठचिकित्सा होते. रानपिंगळ्याच्या मांडवीच्या कातड्यावर तिने आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिला. संग्रहालयासाठी पक्ष्याचे कातडे तयार करणाऱ्या प्रत्येकाची एक लकब असते : टाके कोठे घालायचे, कापूस कसा भरायचा, पंख आणि पाय कसे दुमडायचे. ही लकब लेखकूच्या वळणासारखी असते. चिठ्ठी बदलता येते, हात बदलता येत नाही. मांडवीचे कातडे एकदा भरून, नंतर उसवून, पुन्हा भरलेले होते. वरच्या थराखाली जी मूळ बनावट दिसली, ती माइनर्ट्झहागेनची नव्हती. ती डेव्हिडसनची होती. म्हणजे खानदेशात १८८० च्या दशकात मिळालेला नमुना माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून उचलला, त्याचे अंग बदलले, त्याला नवी चिठ्ठी बांधली, आणि कालांतराने तोच नमुना त्याच संग्रहालयाला आपली देणगी म्हणून परत दिला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी पोथ्यांची कुळे लावली ती सामाईक पाठांवरून आणि सामाईक प्रक्षेपांवरून. पोथी स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा तिच्या अंगावर काय दिसते, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. रासमुसेन-कॉलर यांच्या पद्धतीशी तिचे साम्य केवळ उपमेपुरते नाही. भाषाशास्त्र, पाठचिकित्सा आणि जीवशास्त्र या तिन्ही विद्यांनी एकोणिसाव्या शतकात वंशवृक्षाची आकृती जवळजवळ एकाच काळात स्वीकारली, आणि तिन्हींत मूळचा साक्षीदार खरा की खोटा हा प्रश्न पहिला ठरला. तौलनिक साहित्यात या समांतरतेचा विचार व्हावा तितका झालेला नाही, असे मला वाटते. एक भेद मात्र आहे. महाभारताची पोथी प्रक्षिप्त निघाली तर महाभारत मरत नाही. घुबडाची चिठ्ठी प्रक्षिप्त निघाली तर दरम्यानच्या काळात घुबड मरून गेलेले असू शकते.

तसे व्हायला फार उरले नव्हते. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला होता. तो निष्फळ ठरला. मांडवीच्या खोट्या पत्त्यानेही शोधकांची दिशा चुकवली. मध्यंतरी कोणी पाहिल्याची नोंद करी, कोणी छायाचित्र पुढे आणी, पण ती साध्या पिंगळ्याची ठरत. यात इंग्रजी नावाचाही वाटा होता. सालिम अली-रिप्लींच्या काळापासून या पक्ष्याला इंग्रजीत ‘फॉरेस्ट स्पॉटेड आउलेट’ म्हणत. म्हणजे ठिपकेदार पिंगळ्याचाच रानातला प्रकार. ज्याच्या माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, हीच ज्याची ओळख, त्याच्या नावातच ठिपके आले. नावावर विश्वास ठेवणाऱ्या निरीक्षकाला जंगलातला कोणताही पिंगळा हा रानपिंगळा वाटणार. पुढे ‘ठिपकेदार’ हा शब्द गळून ‘फॉरेस्ट आउलेट’ एवढेच नाव रूढ झाले.

१९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. मांडवीची नोंद बनावट आहे हे रासमुसेनला तोवर उमगले होते, म्हणून त्यांनी मांडवी वगळली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली. आधी पूर्वेकडची, ब्लेविट आणि बॉल यांची. तेथे काही मिळाले नाही. मग शहादा. हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात, उघड्या फांदीवर तो बसलेला बेन किंगला दिसला. शेवटच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. आदिवासी पाड्यांच्या आणि गुरे चरणाऱ्या सागवानी रानाच्या त्या परिसरात तो एवढा काळ होताच. हरवली होती ती त्याची कागदावरची ओळख. ‘पुनर्शोध’ हा शब्द म्हणूनच सावधपणे वापरावा लागतो. ज्यांच्या रानात तो सकाळी फांदीवर बसे, त्या भिल्ल-पावरा माणसांनी तो हरवल्याची तक्रार कधी केली नव्हती.

एकदा जिवंत पक्षी सापडल्यावर वर्गीकरणाला एक नवे साधन मिळाले, जे कातड्यात कधीच नव्हते : आवाज. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये या पक्ष्याच्या आवाजांचे आणि वर्तनाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्याची साद साध्या पिंगळ्याच्या कर्कश कलकलाटाहून स्पष्टपणे निराळी आहे. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढे त्याच्या खाद्याचा, घरट्यांचा आणि अधिवासाचा अभ्यास केला. मुद्रित आवाज ऐकवून प्रत्युत्तराची वाट पाहायची, ही पद्धत त्यानंतरच्या पाहण्यांत वापरली गेली. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडव्याकडची जंगले अशी ठिकाणे एकामागून एक हाती आली. सात कातड्यांवरून जे एक शतक कळले नव्हते, ते आवाजावरून दहा-वीस वर्षांत कळले.

येथे मराठी परंपरेकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अस्थानी होणार नाही. आपल्या लोकजीवनात ‘पिंगळा’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक पक्षी, दुसरा पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणारा भिक्षेकरी, ज्याला पक्ष्याची भाषा कळते असे मानले जाई. संतांच्या रूपकरचनांतही हा पिंगळा येतो आणि भल्या पहाटे झोपलेल्यांना हाक देतो. या परंपरेतला पक्षी मुळातच ऐकायचा आहे. तो कोणत्या दिशेने, किती वेळा, कोणत्या वेळी बोलला, यावर त्याचा अर्थ ठरतो. माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, याच्याशी शकुनाला कर्तव्य नसते. संग्रहालयाची परंपरा नेमकी उलट : तिच्यातला पक्षी मुका आहे. हे दोन वर्गीकरणांचे दोन वेगळे हेतू आहेत, आणि एकाला ज्ञान आणि दुसऱ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. अर्थात त्या शकुनविद्येची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. घुबडांना अशुभ मानून किंवा मंत्रतंत्रासाठी मारण्याची प्रथा हा रानपिंगळ्यापुढील धोक्यांपैकी एक आहे. ज्याचा आवाज ऐकून माणसे अर्थ लावीत, त्याच आवाजामुळे त्याचा जीवही जाई. तोड, वणवे आणि शेतीसाठी होणारी जंगलाची सफाई हे धोके याहून मोठे, पण ते सर्वपरिचित आहेत.

‘रानपिंगळा’ हे नाव मात्र या परंपरेतून आलेले नाही. ते इंग्रजी नावावरून घडवलेले आहे, आणि छापील मराठीत ते रुळले मुख्यतः शहाद्याच्या घटनेनंतर. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशासाठी लोकभाषांतील नावे जमवण्याचे जे कष्ट घेतले, त्यांमागची जाणीव हीच होती की मराठीत पक्ष्यांची नावे एका बाजूने बोलींतून येतात आणि दुसऱ्या बाजूने भाषांतरातून, आणि या दोन ओघांचा संगम क्वचितच होतो. वनखात्याचे फलक, शाळांतील माहितीपत्रके, वृत्तपत्रे यांत आज जे नाव आहे, ते दुसऱ्या ओघातले. संरक्षण त्या नावाला मिळते.

‘नावाला’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्यांच्या अनुसूची होत्या, आणि शिक्षेची तीव्रता त्यांवर अवलंबून असे. जुन्या मांडणीत घुबडे हे सबंध कुळ चौथ्या अनुसूचीत होते. रानपिंगळा तेवढा नावानिशी पहिल्या अनुसूचीत, वाघ-सिंहांच्या पंक्तीत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचना बदलली. पण अर्धशतक हा भेद कायद्यात उभा होता. एखाद्या वनरक्षकाने जप्त केलेले मेलेले पाखरू कोणत्या कलमात बसते, हे त्याच्या माथ्यावरील ठिपक्यांनी ठरणार होते. १८७३ साली सिमल्यात एका माणसाने दोन कातडी शेजारी ठेवून केलेला निवाडा हा या कलमाचा खरा उगम आहे. ह्यूमने ‘वेगळे’ म्हटले नसते, तर शहाद्याच्या रानातले ते घुबड कायद्याच्या दृष्टीने गावातल्या कोणत्याही पिंगळ्यासारखेच राहिले असते.

जातीऐवजी उपजातीचा प्रश्न न्यायालयात गेल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. आफ्रिकेतील चित्ते भारतात आणण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये रद्द ठरवली, त्यामागे आफ्रिकी चित्ता हा या भूमीतला मूळ चित्ता नव्हे, हा मुद्दा होता. येथील चित्ता आशियाई उपजातीचा. ती आज फक्त इराणात तग धरून आहे. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून पहिले चित्ते कुनोत आले. मधल्या वर्षांत जंगलात काहीच बदलले नव्हते. बदलले ते उपजातीच्या भेदाला किती वजन द्यायचे याविषयीचे मत. रानपिंगळ्याच्या बाबतीत वाद खालच्या पायरीवर नव्हता, वरच्या पायरीवर होता.

ह्यूमने त्याला स्वतंत्र प्रजाती दिली होती. नंतरच्या ग्रंथकारांनी ती रद्द करून त्याला साध्या पिंगळ्यासोबत अथीनी या प्रजातीत घातले. रासमुसेन आणि कॉलर यांनी १९९९ च्या निबंधात कवटी, पिसे आणि नख्यांच्या आधारे पुन्हा हेटेरोग्लॉक्स हे नाव उचलून धरले. ही केवळ नामकरणाची हौस नव्हती. प्रजातीत एकच जाती असली तर ती गेल्यावर एक सबंध शाखा जाते; अशा पक्ष्यासाठी पैसा, मनुष्यबळ आणि सहानुभूती मागणे सोपे जाते. जगात दुसरे नातलग नसलेले घुबड, ही कल्पनाच लोकांच्या मनाला भिडते. २०१८ साली भारतीय संशोधकांच्या एका गटाने ‘प्लॉस वन’मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यानुसार रानपिंगळा अथीनीच्या फांदीतच बसतो. ह्यूमचे ‘वेगळे घुबड’ फार वेगळे नव्हते. जाती म्हणून ते वेगळे राहिले, पण प्रजाती म्हणून नाही.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीतही त्याचे स्थान बदलले. ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून तो ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला. नवी ठिकाणे सापडत गेल्याने तो समजले जात होते त्याहून अधिक आहे, असे दिसले. ही बातमी आनंदाची मानावी हे उघड आहे. परंतु एकाच वर्षात एका पक्ष्याने आपली स्वतंत्र प्रजाती आणि आपला सर्वोच्च धोक्याचा वर्ग असे दोन्ही दर्जे गमावले. सागवानी जंगलाची स्थिती त्या वर्षी काही सुधारली नव्हती. त्याच्यासाठी झटणाऱ्यांना आपले अर्ज नव्या शब्दांत लिहावे लागणार, एवढे नक्की. प्रामाणिक वर्गीकरण संरक्षणाच्या सोयीचे असेलच असे नाही. मला व्यक्तिशः या गोष्टीत वर्गीकरणाची प्रतिष्ठाच दिसते. संरक्षणासाठी जाती फुगवून सांगण्याचा मोह अनेक देशांत दिसतो, आणि त्या वाटेने गेलेला पुरावा एक दिवस मांडवीच्या चिठ्ठीच्या जवळ जाऊन बसतो.

त्या मांडवीविषयी शेवटी एक नोंद करणे आवश्यक आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईपासून फार दूर नसलेल्या सह्याद्रीच्या रानात रानपिंगळा आढळला. त्याच सुमारास गुजरातमध्ये, डांगच्या पूर्णा अभयारण्यात, तो सापडला, आणि नंतर नवसारी-वलसाडकडेही. सुरत जिल्ह्यातील मांडवी तेथून फार लांब नाही. त्या अर्थी माइनर्ट्झहागेनने चिठ्ठीवर लिहिलेला प्रदेश अगदीच अशक्य नव्हता. तापीच्या त्या खोऱ्यात १९१४ साली रानपिंगळे असतीलही. त्याने मात्र तेथे एकही पकडलेला नव्हता. रासमुसेन आणि कॉलर यांचा निष्कर्ष गुजरातमधील या नोंदींनी यत्किंचितही ढळत नाही. गुजरातचा रानपिंगळा आता गुजरातमधील निरीक्षकांच्या नावावर, त्यांनी दिलेल्या तारखांसह नोंदलेला आहे, आणि डेव्हिडसनचे ते दोनदा भरलेले कातडे खानदेशच्या हिशेबी परत जमा झाले आहे.